सकाळची टकटक ऐकून इंजिन उतरवू नका

जुन्या डिझेल ट्रकवाल्यांमध्ये एक मेसेज जोरात फिरतोय. गार इंजिन सुरू करताना टकटक वाजली की कनेक्टिंग रॉडचं (पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या दांड्याचं) बेअरिंग गेलंच समजा. आधी जाड ऑइल भरा, सुरू होताच रेस देऊन ऑइल वर चढवा, आणि तरी आवाज राहिला तर इंजिन उतरवा. असल्या सल्ल्यापायी धडधाकट इंजिनं उघडली जातात, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

सगळ्यात घातक मुद्दा बेअरिंगचा. झिजलेल्या बेअरिंगचा आवाज इंजिन तापल्यावर वाढतो, कारण गरम ऑइल पातळ होऊन वाढलेल्या फटीतून निसटतं. लोडवर तो ठळक होतो आणि गरम आयडलिंगला (पाय न देता इंजिन नुसतं चालू असताना) ऑइल प्रेशरचा काटा खाली बसतो. सुरू केल्याकेल्या एक-दोन सेकंद, प्रेशर येईपर्यंत खडखड होऊन थांबली तर बेअरिंगचा संशय घ्यायला जागा आहे. पण फिल्टरमधला व्हॉल्व्ह रात्रभरात ऑइल खाली सोडत असेल तरी नेमकं हेच होतं.

पाचेक मिनिटं वाजून हळूहळू विरणारी टकटक बहुतेक वेळा ज्वलनाची असते. डिझेलला स्पार्क नसतो. साधारण १६ ते २२ पट दाबलेली हवा ५०० अंश सेल्सिअसच्या वर तापते आणि तिच्यात फवारलेलं डिझेल आपोआप पेटतं. फवारा पडणं आणि पेट घेणं यांत क्षणभराचं अंतर असतं. गार लायनर (सिलिंडरची आतली नळी) आणि पिस्टन हवेची उष्णता ओढून घेतात, ते अंतर लांबतं, तोवर साचलेलं डिझेल मग एकदम भडकतं. तोच ठोका. रिंगा झिजून कॉम्प्रेशन उतरलेलं असेल, नोझल (डिझेल फवारणारं तोंड) ठिबकत असेल किंवा डिझेलचा सीटेन नंबर (ते किती लवकर पेट घेतं याचं माप) कमी असेल, तर तो आणखी जोरात बसतो. सोबत पांढरा धूर आणि कच्च्या डिझेलचा वास असेल तर मी बेअरिंगकडे वळायच्या आधी नोझल काढून तपासून घेईन.

पिस्टनचाही एक आवाज असतो, जरा पोकळ. अ‍ॅल्युमिनियम बिडाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं, त्यामुळे गार पिस्टन लायनरमध्ये सैल असतो आणि भिंतीवर आपटतो. तापला की गप्प.

ठोका कुठल्या सिलिंडरचा, हे जुन्या इनलाइन पंपाच्या (एकाच पंपातून प्रत्येक नोझलला वेगळा पाइप जाणाऱ्या) इंजिनात कळतं. आयडलिंगला एकेका नोझलच्या पाइपाचा नट फडकं धरून किंचित सैल करायचा, डोळ्यांवर चष्मा हवाच. ज्या नटाला टकटक थांबते, तो सिलिंडर. कॉमन रेल (सगळ्या नोझलना एकाच उच्च दाबाच्या नळीतून डिझेल देणाऱ्या) इंजिनात मात्र हा प्रयोग कधीही करू नका. तिथला दाब १००० बारच्या पुढे जातो आणि फवारा कातडी भेदून आत शिरतो.

आणि आवाज इंजिनाचाच आहे हे तरी कुठे ठरलंय? एका सहा सिलिंडरच्या ट्रकची टकटक रोज सकाळी तीन-चार मिनिटांनी थांबायची. सगळे म्हणत, इंजिन तापलं. मी लांब स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाला लावली आणि टोक ब्लॉकवर ठिकठिकाणी टेकवत गेलो. एअर कॉम्प्रेसरवर टेकवलं तेव्हा ठोका थेट कानात बसला. रात्रभरात ब्रेकच्या टाकीतली हवा उतरायची, सकाळी कॉम्प्रेसर पूर्ण लोडवर भरायला लागायचा, आणि टाकी भरून अनलोडर (टाकी भरली की कॉम्प्रेसरचा भार काढणारा व्हॉल्व्ह) उघडल्याच्या फुसकाऱ्याबरोबर टकटक बंद! मग ब्रेक दाबदाबून टाकी उतरवली. तापलेल्या इंजिनावर तोच आवाज परत आला. त्या माणसाला हेड उघडायचा सल्ला मिळालेला होता.

जाड ऑइलचा मुद्दा पटकन निकालात निघतो. ज्वलनाच्या ठोक्याशी ऑइलच्या जाडीचा संबंध नाही. उलट गार असताना जाड ऑइल बेअरिंगपर्यंत उशिरा पोचतं, म्हणजे कोरडे फेरे वाढतात. १५डब्ल्यू-४० मधला पहिला आकडा गारठ्यातली जाडी सांगतो, दुसरा तापल्यावरची. कंपनीने सांगितलेला ग्रेड सोडायचं कारण नाही.

रेस देणं तर त्याहून वाईट. ऑइल टर्बोच्या (इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्याच्या) शाफ्टपर्यंत पोचायच्या आत तो गरगर फिरवणं म्हणजे जे बेअरिंग वाचवायचंय तेच मारणं. अर्धा-एक मिनिट थांबा, काटा स्थिर झाला की हलक्या पायाने गाडी काढा. वीस मिनिटं उभ्या उभ्या चालू ठेवूनही काही साधत नाही. डिझेल इंजिन आयडलिंगला फार सावकाश तापतं.

राहिला इंजिन उतरवण्याचा मुद्दा. त्याआधी पूर्ण गरम इंजिनावर वेगळं मेकॅनिकल गेज लावून ऑइल प्रेशर बघा, कॉम्प्रेशन मोजा आणि जुना ऑइल फिल्टर कापून त्याच्या कागदाच्या घड्या उन्हात उलगडा. तिथे रुपेरी कपच्या किंवा तांबूस चमक दिसली आणि गेजचा काटाही खाली असला, तर खुशाल उतरवा. मग माझी हरकत नाही.