म्हणे सेन्सर कुठेही चालतो!

काल रात्री आई पुन्हा पायरीला ठेचकाळली. दोन्ही हातांत पिशव्या, दारावर माणसाची चाहूल लागली की आपोआप लागणारा सेन्सरचा दिवा, आणि तो बंद! पेटला कधी, तर ती खाली बसून गुडघा चोळत होती तेव्हा. नवीन घर आहे हे. राहायला येऊन दोन महिने झाले नाहीत. डोकं फिरेल नाही तर काय होईल?

प्लास्टरच्या आधी मी वायरमनला तीनदा विचारलं होतं, बाहेरच्या सेन्सरचे पॉइंट कुठे काढताय? तिन्ही वेळा एकच उत्तर. "बघू हो नंतर, सेन्सर काय, कुठेही चालतो." नाही चालत! ड्रॉइंगमध्ये दाराच्या बरोबर वर, मधोमध एक टिंब होतं, कारण तिथे दिवा शोभून दिसतो. यांनी त्या टिंबावर पाईप टाकला आणि मोकळे झाले. गेटपासून दारापर्यंतची आमची वाट नाकासमोर सरळ त्या सेन्सरच्या तोंडावर येते, हे एकालाही सुचू नये?

अहो, त्या पीआयआर सेन्सरला, म्हणजे उष्णतेवरून हालचाल ओळखणाऱ्या सेन्सरला, माणूस दिसत नसतो. त्याच्या पांढऱ्या घुमटावर बारीक चौकटी असतात बघा, त्यातली एकेक चौकट समोरच्या जागेचा एकेक पट्टा बघते. अंगाची उष्णता एका पट्ट्यातून दुसऱ्यात सरकली की त्याला हालचाल कळते. आडवं चाललं की पट्टे भराभर ओलांडले जातात आणि दिवा लगेच लागतो. सरळ त्याच्याकडे चालत आलं तर माणूस बराच वेळ एकाच पट्ट्यात राहतो, आणि दिवा लागतो तो पार जवळ आल्यावर. खोक्यावर १२ मीटर छापलंय, पण तो पल्ला आडव्या चालीचा. त्यात उन्हाळ्यात हवाच ३५-३६ अंशांवर गेली की अंग आणि हवा यांच्यात फरकच उरत नाही, मग होता तो पल्लाही घटतो. हाच सेन्सर वाटेच्या कडेला, दोन-अडीच मीटर उंचीवर, वाटेला आडवा बघेल असा लावला असता तर आई गेटातून आत आल्या आल्या उजेड पडला असता. यांनी लावलाय साडेतीन मीटरवर!

बाजूच्या भिंतीवरचा तर विचारूच नका. तो एसीच्या बाहेरच्या युनिटसमोर आलाय. कॉम्प्रेसर सुरू झाला, गरम झोत आला, की दिवा चालू. थोड्या वेळानं बंद. परत चालू. रात्रभर हेच, आणि उजेड थेट मुलांच्या खिडकीत. तक्रार केली तर वायरमननं काय करावं? शिडीवर चढून सेन्सिटिव्हिटीचा खटका पार खाली फिरवला. आता झोतानं लागत नाही हे खरं, पण माणसानंही लागत नाही! परवा त्याच बोळातून मी मुद्दाम दोनदा गेलो, हात हलवत. मिट्ट काळोख.

मागच्या अंगणातला सेन्सर खांबावरच्या दिव्याच्या उजेडात आहे. त्याच्या आतल्या उजेड मोजणाऱ्या डोळ्याला कायम दिवसच वाटतो, त्यामुळे तो लागतच नाही. आणि सेन्सर बाजूला ठेवून दिवा हातानं लावावा, तर आत वेगळं बटणही काढलेलं नाही. एक जादा वायर टाकायची होती हो तेव्हा, भिंत उघडी असताना!

मला राग चुकीचा नाही येत. चुकतं माणसाचं. राग याचा येतो की अंधार पडल्यावर कुणीतरी पाच मिनिटं गेटापासून दारापर्यंत चालून बघायला हवं होतं, ते कुणीच केलं नाही. आणि आता तोंड वर करून सांगतात, "वायर हलवायला भिंत खोदून झिरी मारावी लागेल, रंग परत करावा लागेल." पैसे आमचे, धूळ आमच्या घरात, आणि गुडघा माझ्या आईचा.

झिरी मारा. पण या वेळी ड्रॉइंग नको. मी पेन्सिलीनं भिंतीवर तीन चौकोन आखून ठेवलेत. उद्या अंधार पडल्यावर वायरमनला बोलावलंय. त्याच्या हातात दोन पिशव्या देणार, गेटपासून चालायला लावणार, आणि ते झाल्याशिवाय छिन्नीला हात लावू देणार नाही.