चारच्या प्रश्नाला रोबोट काय उत्तर देणार?
एका लेखात वाचलं की सोबतीला रोबोट आले की म्हाताऱ्या माणसांचं एकटेपण कमी होईल. आमच्या इंदूरच्या घरचं सांगते. सासूबाई ८४ च्या, सगळं आयुष्य रामबागेत गेलं, आता विसरायला होतं आणि रोज दुपारी चारला विचारतात की ह्यांना ऑफिसातून यायला उशीर का झाला, सासरे जाऊन ११ वर्षं झालीत. मी नोकरीवर, दिवसभर बाई असते ती हिंदीवाली, ती सरळ सांगून टाकते "वो तो गुजर गए माताजी" आणि मग आई नव्याने रडतात.

जपानचा पारो नावाचा रोबोट मात्र मला पटला, दिसायला पांढरं सीलचं पिल्लू, कारण तो बोलतच नाही!! हात फिरवला की मान हलवतो, डोळे मिटतो, बस. कुत्रा-मांजर न करता सील का, तर खरा सील कोणी पाळलेला नसतो म्हणून तुलना होत नाही, ही डोकॅलिटी आवडली. अमेरिकेत २००९ मध्ये मेडिकल डिव्हाइस म्हणून मान्यताही मिळाली. पण किंमत हजारो डॉलर, विषय संपला.

एलीक्यू नावाचा म्हाताऱ्यांशी बोलणारा रोबोट वगैरे औषधाची आठवण करतो म्हणे, ती तर आमचा मोबाइलचा अलार्म पण करतो, आई तो बंद करून परत झोपतात.

आणि चारला तो रोबोट काय म्हणेल? मी घरी असले की म्हणते, राजवाड्यावर ट्रॅफिक आहे हो आई, येतीलच, आणि चहा टाकते.