अमेरिका तेरा दिवसांत कशी उरकावी

व्हिसा हातात पडला ना? मग त्याविषयी इथे बोलत नाही. ज्यांना तारीख मिळाली त्यांना सगळं माहीत आहे, आणि ज्यांना नाही मिळाली त्यांच्या जखमेवर मीठ चोळायला मला आवडत नाही. आता प्रश्न एवढाच की एवढ्या मोठ्या देशात पहिल्यांदा जाताना कुठला भाग बघायचा. सोपं आहे. सगळा.

आम्ही हेच केलं. तीन जोडपी होतो. आम्ही दोघं, साडू आणि मेव्हणी, आणि साडूंचे व्याही-विहीण. जूनमध्ये जाऊन आलो, पायांची सूज अजून उतरायची आहे. त्या अनुभवावरून चार गोष्टी सांगतो.

जागांची यादी स्वतः करू नका. ज्याला जे कुणी सांगितलं असेल ते त्यात घाला. साडूंच्या बँकेतल्या मित्राच्या शोकेसमध्ये नायगाऱ्याचा फोटो आहे, म्हणून नायगारा. विहीणबाईंच्या नातीने सांगितलं म्हणून फ्लोरिडातलं ऑर्लँडो. व्याह्यांना लास वेगास, ‘नुसतं बघायला’. हिला गोल्डन गेट पूल. आणि मला शाळेत भूगोलाच्या बाईंनी फळ्यावर काढून दाखवलेली कोलोरॅडोची घळई. कुणाचं मन मोडलं नाही. पुण्याच्या टूरवाल्याने तर यादी वाचून ‘वा!’ म्हटलं आणि वॉशिंग्टन, लॉस एंजेलिस आपल्याकडून घातलं.

नकाशा उघडू नका.

उघडलाच तर भिंतीवरचा छोटा बघा. त्यात न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिसमध्ये जेमतेम वीतभर अंतर दिसतं. भारत उत्तर-दक्षिण ३,२१४ किलोमीटर आहे आणि ही दोन शहरं विमानाच्या सरळ रेषेतसुद्धा ३,९०० किलोमीटरच्या वर लांब आहेत, देश क्षेत्रफळाने आपल्या तिप्पट आहे, असल्या गोष्टी निघण्यापूर्वी कळल्या की उगाच मन खचतं. न्यूयॉर्कहून नायगारा ‘जवळच’ असतो. साडेसहाशे किलोमीटर. म्हणजे मुंबईहून बसमध्ये बसलात, सोलापूरला न उतरता तसेच पुढे गेलात, तर हैदराबादच्या जवळपास पोहोचाल, तेवढं जवळ. आणि पोहोचल्यावर कळेल की समोरून दिसणारा जो नायगारा शोकेसमध्ये असतो तो पलीकडच्या काठावरून, कॅनडातून दिसतो. कॅनडाचा व्हिसा वेगळा. आपण निळे प्लास्टिकचे झगे घालून बोटीत भिजायचं आणि पलीकडून लाल झगे घालून येणाऱ्यांकडे बघून हात हलवायचा. आमच्या साडूंनी मनापासून हलवला.

घड्याळाचीही काळजी करू नका. न्यूयॉर्क आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे, कॅलिफोर्निया साडेबारा. शरीराला एक वेळ जरा अंगवळणी पडतेय असं वाटलं की लगेच दुसरी द्यायची. रात्री अडीचला टक्क जागं व्हायचं आणि दुपारी बसमध्ये घोरायचं. आठव्या दिवशी पहाटे ही अंथरुणात उठून बसली आणि म्हणाली, “हे कुठलं गाव हो?” मी हॉटेलच्या साबणावर नाव शोधलं. त्यावर फक्त हॉटेलचं होतं.

फुकटात जे चांगलं आहे तिथे थांबू नका. वॉशिंग्टनला स्मिथसोनियनची संग्रहालयं आहेत, एकापेक्षा एक, प्रवेश मोफत. नुसती तीच बघायला चार दिवस लागतील. आम्हाला विमानांच्या संग्रहालयात चाळीस मिनिटं दिली, त्यातली पंधरा स्वच्छतागृहाच्या रांगेत गेली.

आता घळईचं सांगतो. ग्रँड कॅनियन. छापील कार्यक्रमात मोठ्या अक्षरांत होतं, खाली सूर्यास्ताचा फोटो. लास वेगासहून सकाळी बस निघाली. बाहेर ४२ अंश. आमच्या सोलापूरचा उन्हाळा चुकवायला माणशी लाखो रुपये मोजून जूनमध्ये वाळवंटात जायचं, ही कल्पना कुणाला सुचते देव जाणे, पण ते असू द्या. दोन-सव्वादोन तासांनी उतरलो. मी गाइडला विचारलं, हे नॅशनल पार्क का? तो पोरगा म्हणाला, “काका, कॅनियनच आहे की.” कॅनियनच होतं. पण ते पश्चिमेचं टोक, वालापाई आदिवासींच्या जमिनीवरचं. जागा वाईट नाही, त्यांची आहे, त्यांनी त्यांचं बघितलं. पण बाईंनी फळ्यावर काढलेली, १,६०० मीटर खोल, थरावर थर दिसणारी जी जागा नॅशनल पार्कात आहे, तिचा दक्षिण काठ वेगासहून साडेचारशे किलोमीटर आहे. तिकडे जाऊन त्याच दिवशी परत येणं टूरवाल्याला परवडत नाही, म्हणून त्याने जवळचं टोक दाखवलं आणि नाव तेच ठेवलं. बरं, तिथे २००७ साली बांधलेला काचेचा पूल आहे, त्याचं तिकीट वेगळं, आणि वरचा फोटो त्यांच्याकडून विकत घ्यायचा. साडूंनी घेतला. सगळ्याला मिळून पाऊण तास. ही एका दगडावर बसली, पिशवीतून कडक भाकरी आणि शेंगाचटणी काढली, भाकरीचा तुकडा मोडला, आणि तो तोंडात जायच्या आत शिट्टी वाजली. चला, चला, बस सुटतेय! मी त्या काठाकडे एकदा नीट बघितलंसुद्धा नव्हतं. पन्नास वर्षं डोक्यात असलेली गोष्ट, आणि मी परतीच्या बसमध्ये खिडकीतून पार्किंगची जागा बघतोय. वर साडू म्हणतात, “झालं की ग्रँड कॅनियन.” झालं? काय झालं? त्या पार्कात उत्तर काठ आणि दक्षिण काठ समोरासमोर आहेत, मध्ये सरळ मोजलं तर सोळा किलोमीटर, आणि गाडीने वळसा घालून जायचं तर साडेतीनशे. नुसता पलीकडचा काठ गाठायला जिथे अख्खा दिवस मोडतो, ती जागा पाऊण तासात ‘होते’?

असो. सल्ला देत होतो.

सॅन फ्रान्सिस्कोला जाताना चादर घरी ठेवा. वेगासला भाजून निघाल्यावर जूनमध्ये कुठे थंडी असते का? आम्ही अर्ध्या बाह्यांचे शर्ट घालून कुडकुडत धुक्यात उभे. हिचा गोल्डन गेट पूल, १९३७ सालापासून उभा असलेला, त्या तासाभरात तेवढा दिसला नाही. खांबाचं एक टोक दिसलं. शेजारच्या दुकानातून सहा स्वेटर घेतले, चादरींच्या गावच्या सहा माणसांनी.

फोटो भरपूर काढा. माझ्याकडे एक हजार एकशे चाळीस आहेत. त्यातलं एक उपाहारगृह कुठल्या राज्यात आहे यावर घरात रोज वाद होतो.

परत आल्यावर लोक भेटायला येतात. चॉकलेट खातात आणि विचारतात, “अलास्का नाही केलं?” सोलापुरातल्या सात रस्त्याच्या पलीकडे न गेलेला माणूस मला विचारतो, यलोस्टोन कसं काय सोडलं! मग लक्षात आलं की आपण यादी ह्यांच्यासाठीच केली होती. आपल्याला काय बघायचंय हे कुणी विचारलंच नव्हतं. आम्हीही नाही.

आणि काल रात्री पुतण्या आला. त्याची यादी घेऊन. अकरा दिवस. न्यूयॉर्क, नायगारा, ऑर्लँडो, वेगास, लॉस एंजेलिस, सॅन फ्रान्सिस्को, “आणि जमलं तर हवाई”. कधी? सप्टेंबरात. फ्लोरिडात तेव्हा चक्रीवादळांचा मोसम असतो रे, म्हटलं. तर म्हणतो, “काका, परत थोडंच जाणं होणार आहे?”

अरे गाढवा, व्हिसा दहा वर्षांचा आहे! आपल्या माणसांना बहुतेक दहाच वर्षांचा मिळतो. तुला कुणी सांगितलं की पहिल्या खेपेतच सगळं चाटूनपुसून यायचं? आपल्या गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेला, यण्णीमज्जनाच्या (तैलाभिषेकाच्या) दिवशी नंदीध्वज ६८ लिंगांना जाऊन येतात, पण ती सगळी एका गावात आहेत म्हणून जमतं. कुणी गोरा येऊन दहा दिवसांत काश्मीर, ताजमहाल, केरळ आणि काझीरंगा म्हणाला तर तू हसशील ना? पोट धरून हसशील. मग तिकडे जाताना तुझी अक्कल कुठे जाते? पैसे तुझे, गुडघे तुझ्या आईचे, आणि यादी शेजाऱ्यांची!

बस इथे. पेन्सिल घे. हवाई खोड. ऑर्लँडो खोड. वेगास खोड, वाळवंट बघायचं असेल तर पुढच्या खेपेला फक्त तेच, स्वतः गाडी घेऊन, आणि घळईच्या काठावर निदान दोन रात्री मुक्काम. यंदा ऑक्टोबरात जा. न्यूयॉर्क पाच दिवस, मग रेल्वेने वॉशिंग्टन. साडेतीनएक तास लागतात, सोलापूरहून हुतात्मा एक्स्प्रेस धरून पुण्याला गेल्यासारखं. वाटेत फिलाडेल्फियाला एक रात्र. संग्रहालयात आईला बाकावर बसू दे, घाई करू नकोस. नायगारा नको, कॅनडाचा व्हिसा काढशील तेव्हा बघ. आणि सॅन फ्रान्सिस्को यंदा नाही. नाही म्हणजे नाही. कसला पूल? धुकं असतं तिथे, सांगितलं ना एकदा.