विस्कॉन्सिनमधला हरणांच्या शिकारीचा येता हंगाम: उत्तर आणि दक्षिण एकाच मापाने मोजू नयेत

‘यंदा हरणे भरपूर आहेत, हंगाम चांगला जाणार,’ असे गेला महिनाभर इथे जो तो सांगतो आहे, आणि दर वेळी मला विचारावेसे वाटते की कुठे भरपूर आहेत, आणि भरपूर असणे तिथे चांगले आहे का. मी अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याच्या दक्षिणेत, डेन काउंटीच्या (म्हणजे जिल्ह्याच्या) पश्चिम भागात एकोणीस वर्षे राहतो आणि त्यातली बारा वर्षे शेजारच्या दूध व्यावसायिक आजोबांच्या रानात, त्यांच्या परवानगीने, त्यांच्याच मचाणावर बसून शिकार करतो. महाराष्ट्रातल्या अनेक मित्रांना हे खटकते, याची मला जाणीव आहे. तिथे 1972 च्या कायद्याने चितळाला संरक्षण आहे आणि ते असायलाच हवे. इथल्या पांढऱ्या शेपटीच्या हरणाची गोष्ट मात्र वेगळी आहे. दक्षिण विस्कॉन्सिनमधून लांडगा आणि प्यूमा कधीच नाहीसे झाले. मका, सोयाबीन आणि ओकची फळे यांच्यावर पोसलेली हरणे वाढत राहिली, आणि त्यांच्या संख्येला आवर घालणारा माणसाखेरीज फारसा कोणी उरला नाही. माझ्या यवतमाळकडच्या भावांनी रोह्यांपासून पीक वाचवण्यासाठी रात्र रात्र जागल केली आहे, त्यामुळे निदान त्यांना तरी हा मुद्दा पटकन कळतो.

बंदुकीचा मुख्य हंगाम थँक्सगिव्हिंगच्या (नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारच्या सणाच्या) आधीच्या शनिवारी सुरू होतो आणि नऊ दिवस चालतो. ही सुरुवात 17 ते 23 नोव्हेंबरच्या दरम्यान कुठल्याही दिवशी येऊ शकते, आणि हा आठवड्याभराचा फरक क्षुल्लक नाही. हरणांचा माज नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात ऐन भरात असतो. हंगाम उशिरा उघडला तर माद्यांच्या मागे बेभान फिरणारे नर तोवर शांत होऊन झाडीत बसलेले असतात. त्यात पावसाने मक्याची कापणी लांबली असेल तर उभ्या पिकात अख्खा कळप दडतो आणि शिकारी ‘हरणेच नाहीत’ म्हणत घरी जातो. साधारण निम्मी शिकार पहिल्या शनिवार-रविवारीच होत असल्यामुळे त्या दोन दिवसांच्या हवेवर हंगामाचे आकडे हेलकावे खातात. म्हणून एका वर्षाच्या आकड्यावरून हरणे वाढली किंवा घटली, असा निष्कर्ष काढण्याची घाई करू नये.

उत्तरेचे, म्हणजे व्हिलास, सॉयर, ॲशलंड, बेफील्ड या जंगलपट्ट्याचे, गणित हिवाळा मांडतो. तिथे 1 डिसेंबर ते 30 एप्रिल या काळात तापमान उणे 18 अंश सेल्सिअसपर्यंत किंवा त्याखाली गेलेला दिवस एक गुण धरतात, आणि जमिनीवर दीड फूट किंवा त्याहून अधिक बर्फ असला तर आणखी एक. बेरीज 50 च्या खाली राहिली तर हिवाळा सौम्य, 100 गाठली तर अतितीव्र. तीव्र हिवाळ्यात नुसती हरणे मरतात असे नाही. उपाशी राहिलेल्या मादीचे पाडस अशक्त जन्मते, आणि त्याची तूट पुढच्या वर्षी दीड वर्षाच्या नरांमध्ये दिसते. 2022-23 च्या लांबलेल्या हिवाळ्यानंतर उत्तरेतली शिकार घसरली ती मुख्यतः यामुळे, असे मला वाटते. त्या वर्षी सगळा राग लांडग्यांवर निघाला. लांडगे हरणे खातात हे खरेच आहे. पण जंगल जुने होत जाऊन कोवळ्या ॲस्पेन झाडांचा चारा कमी झाला, हेही तितकेच खरे आहे आणि त्यावर सभांमध्ये कोणी आवाज चढवत नाही. पुढचा 2023-24 चा हिवाळा जवळपास बिनबर्फाचा गेला आणि माद्यांना उसंत मिळाली. उत्तरेत जाणाऱ्यांना माझे सांगणे एवढेच की ज्या काउंटीत सलग दोन हिवाळे सौम्य गेले असतील तिथे आशा धरावी, आणि जिथे तसे नसेल तिथे मादीवर नेम धरण्याआधी दहादा विचार करावा.

दक्षिणेत मला नेमके उलटे सांगायचे आहे, आणि ते सांगताना मन शांत राहत नाही. 2002 च्या फेब्रुवारीत आमच्या घरापासून फार दूर नसलेल्या माउंट होरेबच्या परिसरातल्या तीन हरणांमध्ये क्रॉनिक वेस्टिंग डिसीज सापडला. हा प्रायॉन नावाच्या बिघडलेल्या प्रथिनामुळे होणारा मेंदूचा रोग आहे. त्यावर लस नाही, औषध नाही; जनावर झिजत झिजत मरते, आणि प्रायॉन मातीत वर्षानुवर्षे टिकून राहतो. आज डेन आणि आयोवा काउंटीच्या काही भागांत तपासलेल्या प्रौढ नरांपैकी निम्म्याच्या आसपास बाधित निघतात. राज्याच्या नैसर्गिक संसाधन विभागाने नैर्ऋत्य भागात हरणांना कॉलर लावून केलेल्या दीर्घ अभ्यासात निरोगी माद्यांपैकी वर्षभरात 83 टक्के जगल्या, बाधित माद्यांपैकी फक्त 41 टक्के. तेव्हा संध्याकाळी सोयाबीनच्या शेतात वीस हरणे दिसली म्हणून ‘हंगाम छान’ म्हणणे मला धोक्याचे वाटते, कारण जितकी दाटी तितका संसर्ग पसरायला वाव.

एके काळी इथे आधी शिंगे नसलेले हरीण मारा आणि मगच नर मारण्याचा हक्क मिळवा, असा नियम होता. तो शिकाऱ्यांना अजिबात आवडला नाही आणि 2011 मध्ये रद्द झाला. त्या वेळी मी शिकार करत नव्हतो, परंतु तो नियम गेल्याचे मला आजही दुःख आहे. सक्ती गेली तरी गरज गेलेली नाही. दक्षिणेतली बहुतेक जमीन खासगी आहे, म्हणजे सरकारने परवाने कितीही वाटले तरी मादी मारायची की मोठ्या शिंगांच्या नराची वाट पाहत नऊ दिवस बसायचे, हे जमीनमालक आणि त्याचे पाहुणे यांनीच ठरवायचे असते.

दुसरी गोष्ट तपासणीची. ती फुकट आहे. थोड्या मानेसकट हरणाचे डोके तपासणीच्या पेटीत ठेवायचे, अर्ज भरायचा, आणि साधारण दोन आठवड्यांत निकाल कळतो. माणसाला हा रोग झाल्याचे एकही सिद्ध उदाहरण नाही, तरीही बाधित हरणाचे मांस खाऊ नये असा आरोग्य यंत्रणांचा सल्ला आहे. असे असताना, दिसायला धडधाकट होते म्हणून न तपासताच मांस लेकरांच्या ताटात वाढणारी घरे मी पाहिली आहेत. धडधाकट दिसण्यावर जाऊ नका, कारण लक्षणे दिसेपर्यंत बहुधा वर्ष-दीड वर्ष उलटते.

दोन वर्षांपूर्वी आजोबांच्या रानात मी मारलेला नर अंगाने भरलेला, चमकत्या कातडीचा होता. निकाल येईपर्यंत मांस वेगळे बांधून, तारीख घालून फ्रीझरमध्ये ठेवले होते. तेराव्या दिवशी तो बाधित असल्याचे कळले आणि सगळे टाकून द्यावे लागले. आजोबा काही बोलले नाहीत. त्यांनी फक्त त्या वर्षीचे उरलेले दोन्ही मादीचे परवाने माझ्या हातात ठेवले. येत्या शनिवारी पहाटे मी त्याच मचाणावर असेन आणि समोर पहिली प्रौढ मादी आली की शिंगांची वाट पाहणार नाही. तुमच्यापैकी जे कोणी मॅडिसनच्या आसपास शिकारीला निघणार आहेत, त्यांना तपासणीची पेटी कुठे आहे आणि अर्ज कसा भरायचा हे हवे असेल तर खाली विचारा. मी स्वतः सोबत येईन.