भजनाचा फोटो काढावा तर असा

राजेहो, दिवाळी आटोपून सोयाबीन घरात आलं, की वऱ्हाडातल्या गावांत राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीची खंजेरी भजनं घुमायला लागतात. तिकडे भंडारा-गोंदियात मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेच्या निमित्तानं दंडार आणि खडी गंमत ही लोकनाट्यं उभी राहतात, कुठे भीमगीतांचा दुय्यम सामना, म्हणजे दोन पार्ट्यांची जुगलबंदी लागते. अशा वेळी गळ्यात कॅमेरा, निदान हातात बरा फोन असेल, तर तुमच्यावर मोठी जबाबदारी आहे. गाणारे काय, दरसाल गातातच.

देवळाचा सभामंडप इवलासा असतो, म्हणून थोडं उशिरा जा आणि चटईवर बसलेल्या बायाबापड्यांना ओलांडत थेट पेटीसमोर उभे राहा. मागून कोणी तरी म्हणेलच, "सरक न भाऊ, आमाले काईच दिसून नाही राह्यलं." मागे न बघता हात हलवून 'एकच मिनिट' म्हणा. हे मिनिट महाप्रसादापर्यंत पुरतं.

काही शहाणे सांगतात, की आधी एक पद नुसतं ऐकावं. बुवा कुठे मान टाकतात, समेवर कोणत्या बाजूला झुकतात ते हेरावं आणि माईकच्या बाजूला तिरकं उभं राहावं, म्हणजे तोंड झाकलं जात नाही. एवढा वेळ कोणाला आहे? समोरूनच काढा. चेहऱ्याच्या जागी माईकचा गोळा आला, की तो फोटो कोणत्याही मंडळाच्या बॅनरवर चालतो.

फ्लॅश मात्र सोडू नका. अंतर दुप्पट झालं की फ्लॅशचा उजेड पाव उरतो. त्यामुळे पुढच्या टाळकऱ्याचं टक्कल लख्ख उजळतं आणि मागचा गायक अमावस्येत जमा होतो. वेळही साधता आली पाहिजे. खंजेरीवाला कातड्यावर अंगठा दाबून घुमारा काढायला जरा वाकतो, डोळे मिटतो, नेमका तेव्हा उडवा. पेटीवरचं बोट भलत्याच पट्टीवर घसरेल, खांबाला टेकलेला एखादा बुढा दचकून विचारेल, "काहून बे, ईज पडली का?" समजा, तुमचं काम फत्ते झालं.

फ्लॅशशिवाय भागतं, हे खरं आहे. कमी उजेडात चालणारी ५० मिलिमीटरची एफ १.८ लेन्स त्यातल्या त्यात स्वस्त मिळते. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची ताकद, ३२०० आणि शटर सेकंदाचा १/१०० ठेवलं, तर चेहरा बऱ्यापैकी स्थिर येतो आणि खंजेरीवरचा हात तेवढा पुसट होतो. शिवाय आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे मंडपातले स्वस्त दिवे सेकंदाला १०० वेळा मिणमिणतात. १/१०० ला त्यांचे पट्टेही फोटोत सहसा येत नाहीत. पण आयएसओ वाढवला की फोटोत दाणे दिसतात. यंदा शेंगेत भरले नाहीत, ते फोटोत कशाला? आणि पट्ट्यांचं म्हणाल तर येऊ द्या. एवढी लोडशेडिंग सोसून आलेली वीज कुठे तरी दिसायला नको?

खडी गमतीत तर मजाच आहे. कलाकार रात्रभर उभे, लोक चहूबाजूंनी, म्हणजे तुम्हाला मधोमध शिरायला कोणी अडवत नाही. तिथून सरळ कपडे बदलायच्या जागी जा आणि लुगडं नेसत असलेल्या नाच्याचा फोटो न विचारता काढून स्टेटसला टाका. दिवसा तो त्याच गावात मजुरीला जातो, लेकरं शाळेत जातात. तो त्याचा घरगुती प्रश्न आहे.

खरी कसोटी सत्काराची. गवळण रंगात आली, की आयोजक माईक काढून घेतात आणि देणगीदार, सरपंच, माजी सरपंच, होऊ घातलेले सरपंच ओळीनं उभे राहतात. इथे एकही शाल, एकही नारळ सुटता कामा नये. मंडळाचा एखादा फोटो शेवटी घ्या, तबलजी कापला गेला तरी चालेल. तुकडोजी महाराजांचा (१९०९–१९६८) खंजेरी हातात घेतलेला फोटो घरोघरी लावलेला असतो, तो नीट बघा. महाराज आणि खंजेरी, बस. बाजूला एक देणगीदार नाही! त्या काळच्या फोटोवाल्यांना व्यवहार कळत नव्हता.

कार्यक्रम संपल्यावर तोच खंजेरीवाला बुढा तुमच्याजवळ येईल. "भाऊ, माहा एखांदा फोटू भेटन का? कलावंताच्या मानधनाचा फारम भराचा हाय, मंग पुरावा मांगतेत." नंबर घ्या, 'टाकतो' म्हणा. फार फोन यायला लागले, तर फोटो चाळून बघा. माईकचे गोळे सापडतील, टाळकऱ्याचं टक्कल सापडेल, आणि एका सत्कारात सरपंचांच्या खांद्यामागे बुढ्याचा अर्धा कान निघेल. तोच पाठवून द्या. कलावंताचा कान तयार असला म्हणजे झालं.