जाम बोल्टवर पाईप चढवण्याआधी

‘बोल्ट जाम झालाय? डब्ल्यूडी-४० स्प्रे मारा, ५ मिनिटं थांबा, पान्याला पाईप लावून जोर द्या. स्क्रूची खाच गेली तर बिट आणि खाचेच्या मध्ये रबरबँड. तुटलाच तर ईझी-आउट (तुकड्यात भोक पाडून आत घालायचा उलट्या पिळाचा दांडा).’ हा सल्ला सगळीकडे फिरतोय.

‘५ मिनिटं’ म्हणजे काहीच नाही. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, त्यामुळे आट्यांमधली फट गच्च भरते. तारेच्या ब्रशने उघडे आटे साफ करा, पेनिट्रेटिंग तेल (बारीक फटींत शिरणारं पातळ तेल) सोडा, डोक्यावर हातोडीचे पाच-सहा सरळ ठोके द्या. रात्रभर ठेवा, मध्ये दोनदा हेच पुन्हा. डब्ल्यूडी-४० मुळात १९५३ साली पाणी हटवायला बनलं. नावातलं ‘डब्ल्यूडी’ म्हणजे ‘वॉटर डिस्प्लेसमेंट’, पाणी हटवणं.

पाईपचा सल्ला सगळ्यात महागात पडतो. ८.८ ग्रेडचा (ताकदीचा दर्जा) एम६, म्हणजे ६ मिलिमीटर जाडीचा बोल्ट साधारण १० न्यूटन-मीटर (पिळण्याच्या जोराचं माप) इतका आवळतात. १३ च्या पुढे तो पिळून तुटू शकतो. ३० सेंटिमीटरच्या पान्यावर २० किलोचा जोर म्हणजे जवळपास ६० न्यूटन-मीटर. मग पाईप हवाय कशाला? सहा कोनांचं सॉकेट घ्या; बारा कोनांचं कोपऱ्यांवर घसरून डोकं गोल करतं. आधी किंचित आवळा, गंजाची पकड तिथेच मोडते. मग पाव फेरा सोडा, थोडा परत आवळा, तेल टाका, पुन्हा सोडा. एकाच दिशेने रेटत राहिलात तर सुटलेला गंज आट्यांत पाचरीसारखा बसतो. आणि दिशा बघा! सायकलच्या डाव्या पेडलला उलटे आटे असतात.

रबरबँड हलक्या स्क्रूपुरता. जाम स्क्रूत तो बिटला खाचेत पूर्ण बसूच देत नाही. तिथे हातोडीने ठोकायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर लागतो: ठोका बिटला खाली दाबतो आणि त्याच क्षणी फिरवतो.

राहिला ईझी-आउट. अख्ख्या डोक्याला पाना लावून जो बोल्ट हलला नाही, तो त्याच्याहून बारीक पिळाने हलेल? ईझी-आउट कडक पण ठिसूळ असतो. आत तुटला तर साधं ड्रिल त्याला शिवत नाही. आधी जोड ढिला करा. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं, म्हणून बोल्ट ॲल्युमिनियममध्ये असेल तर भोवतालचा भाग तापवा, पण तेल पुसून; ते पेट घेतं. मग बरोबर मध्यावर सेंटर पंचने (टोकदार ठोकणी) खूण करा, आणि डाव्या पिळाचं, म्हणजे उलटं फिरताना कापणारं बिट लावून ड्रिल उलटं चालवा. भोक पाडता पाडताच तुकडा बऱ्याचदा बाहेर येऊ लागतो, ईझी-आउट पेटीतच राहतो.