डिग्रेड झालेला रेड ‘दहा मिनिटांत’ बरा होत नाही

काल रात्री ताईचा फोन आला. तिच्या घरच्या लिनक्स मशीनवर चार डिस्कचा रेड ५ आहे, म्हणजे चार डिस्क मिळून एकच साठा (ॲरे), त्यातली एक गेली तरी डेटा वाचतो. बाबांचे सगळे फोटो आणि तिचं स्वतःचं कित्येक वर्षांचं काम त्यावर. त्यातली एक डिस्क बाहेर पडली, ॲरे डिग्रेड झाला (म्हणजे एक डिस्क कमी घेऊन चालू लागला), आणि कुणीतरी तिला सध्या फिरत असलेला मेसेज पाठवला: ‘रेड डिग्रेड झाला? घरीच दहा मिनिटांत बरा करा.’ पाच पायऱ्या आहेत. केबल नीट बसवा. डिस्क रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा. त्याच चार डिस्क घेऊन ॲरे नव्याने बनवणारी ‘क्रिएट’ कमांड द्या, डेटाला धक्का लागत नाही. माउंट झालं नाही, म्हणजे फाइली उघडता आल्या नाहीत, तर एफएससीके (फाइलसिस्टिम तपासून दुरुस्त करणारा प्रोग्राम) चालवून सगळ्याला ‘हो’ म्हणा. आणि रेड आहे म्हणजे बॅकअप आहेच, काळजी नको.

ताईने तिसरी पायरी टाइप करून ठेवली होती. एंटर दाबण्याआधी ‘बरोबर आहे ना रे?’ एवढंच विचारायला तिने फोन केला. म्हणून हे लिहितोय, आणि सुरुवात त्या तिसऱ्या पायरीपासूनच करतो.

‘डेटाला धक्का लागत नाही’ हे धडधडीत खोटं आहे. लिनक्सवर रेड सांभाळणाऱ्या एमडीएडीएम या प्रोग्रामचं मॅन्युअल उघडून बघा. रेड ५ नव्याने तयार करताना ही कमांड मुद्दाम एक डिस्क स्पेअर (राखीव) धरते आणि बाकीच्यांवरून हिशेब करून त्या डिस्कवर लिहायला लागते, कारण नव्या, रिकाम्या ॲरेसाठी ते जलद पडतं. म्हणजे ताईच्या चारपैकी शेवटची डिस्क कमांड सुरू होताच पुन्हा लिहिली जायला लागली असती.

आता बाहेर पडलेली डिस्क दुसऱ्या जागेवरची होती असं धरा. ती पडल्यानंतर ताईने जे काही साठवलं, ते त्या डिस्कवर नाहीच. त्या डिस्कचा वाटा बाकीच्या तीन डिस्कवरचा डेटा आणि पॅरिटी (हरवलेला भाग परत काढण्यासाठी ठेवलेला हिशेब) यांतून काढता येतो. ‘क्रिएट’ या शिळ्या डिस्कलाही ताजी समजतं, तिच्यावरचा जुना मजकूर हिशेबात घेतं आणि चौथी, चांगली डिस्क त्यानुसार बदलतं. जिथे जिथे मधल्या काळात बदल झाला होता, तिथला डेटा परत मिळवण्याचा एकमेव मार्ग तिथेच संपतो. डिस्कचा क्रम अगदी अचूक दिला तरीही! क्रम चुकला तर विचारूच नका.

शिवाय प्रत्येक डिस्कवर सुपरब्लॉक, म्हणजे ॲरेची माहिती लिहिलेला छोटा भाग, असतो. त्यात डिस्कचा क्रम, चंकचा (एका डिस्कवर सलग लिहिल्या जाणाऱ्या तुकड्याचा) आकार, डेटा कुठून सुरू होतो ती जागा आणि एक इव्हेंट काउंट, म्हणजे ॲरेतल्या बदलांची मोजणी. हा काउंट मागे पडलेला दिसला की शिळी डिस्क कोणती ते कळतं. ‘क्रिएट’ नेमकं हेच पुसून नवं लिहितं. चंक पूर्वी ६४ केबीचा धरला जायचा, आता ५१२ केबीचा. जुना ॲरे आणि नवी कमांड अशी जोडी असेल तर मांडणीच जुळत नाही.

हो, ‘क्रिएट’ने ॲरे परत आणलेले लोक आहेत, हे मान्य करतो. पण त्यांनी कमांडला ‘अझ्यूम-क्लीन’ (डेटा ठीक आहे असं धर, पुन्हा लिहू नको) लावलेलं असतं, शिळ्या डिस्कच्या जागी ‘मिसिंग’ (ही डिस्क नाही) लिहिलेलं असतं, जुने आकडे कागदावर असतात, आणि बाकीचे सगळे उपाय संपलेले असतात. मेसेजमध्ये यातला एक शब्द नाही.

करायचं काय, तर आधी एमडीएडीएमच्याच ‘एक्झामिन’ने प्रत्येक डिस्कचा सुपरब्लॉक वाचून तो मजकूर दुसऱ्या मशीनवर जपून ठेवायचा. ॲरे बंद पडला असेल तर ‘असेंबल’ (आहे तोच ॲरे जोडणं) करायचा, ‘क्रिएट’ नाही. मग फक्त वाचण्यापुरतं माउंट करून फाइली बाहेर काढायच्या. उरलेल्यांपैकी एखादी डिस्क वाचताना अडखळत असेल तर आधी डीडीरेस्क्यू या खराब डिस्क वाचणाऱ्या प्रोग्रामने तिची नक्कल करून त्या नकलेवर काम करायचं.

फ्रीझरचं काय सांगू. डिस्कचं वाचणारं हेड फिरत्या तबकडीपासून (प्लॅटर) काही नॅनोमीटरवर तरंगतं. थंड डिस्क बाहेर काढली की तिच्यावर दव धरतं. आणि बाहेर पडलेली डिस्क मेलेलीच असते असंही नाही. घरगुती डिस्क खराब सेक्टर वाचायला मिनिट-दोन मिनिटं झटत राहते, लिनक्स मात्र ३० सेकंदांत कंटाळून तिला रीसेट करतो आणि ॲरे तिला बाहेर काढतो. अशी अजून जिवंत डिस्क तुम्ही गारठवून मारणार?

केबलचं खरं आहे. स्मार्टच्या, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते तिच्या, यादीत १९९ क्रमांकाचा सीआरसी (डेटा पाठवतानाच्या चुकांचा) आकडा वाढत असेल तर दोष बहुधा केबलचाच. पण १९७ आणि ५ हे खराब सेक्टरांचे आकडे वाढत असतील तर केबल बदलून काही होणार नाही, आणि मेसेज त्यांचं नावही घेत नाही.

एफएससीके नुसतं तपासत नाही, डिस्कवर लिहितं. चुकीच्या क्रमाने जोडलेल्या ॲरेवर त्याला ‘हो’ म्हणणं म्हणजे चांगल्या फाइलींचे पत्ते स्वतःच्या हाताने खोडणं. ‘दहा मिनिटां’बद्दल एवढंच: ॲरे पूर्ववत करताना ४ टीबीची नवी डिस्क सेकंदाला १५० एमबीने भरली तरी सात तासांच्या वर लागतात.

रेड म्हणजे बॅकअप असता तर ताईला रात्री अकरा वाजता रडत फोन करावा लागला नसता. चुकून पुसलेली फाइल रेड तत्परतेने सगळ्या डिस्कवरून पुसतो.

तिने टाइप केलेली ओळ मी खोडायला लावली. ॲरे तीन डिस्कवर चालू आहे, वाचण्यापुरता माउंट केलाय, आणि बाबांचे फोटो बाहेरच्या डिस्कवर उतरतायत. ते सगळे उतरले, उघडून बघितले, की मगच नवी डिस्क जोडू.